मोडक्या वल्ह्यांची पावती

तुमच्या हातातलं वल्हं भर पाण्यात मोडलं, तर तुम्ही ते सांधायला बसाल, की ज्यानं पूल बांधून द्यायचं कबूल केलं होतं त्याच्या टेबलावर नेऊन आपटाल? घाईनं उत्तर देऊ नका. मी सतरा वर्षांची असताना घाईनं दिलं होतं. ते उत्तर मला अजून नीट बसू देत नाही, आणि मार्च महिन्यात तर मुळीच नाही.

नाशिकरोडला माझ्या खोलीच्या समोर एक शाळा आहे. दहावीचं केंद्र तिथंच येतं. सकाळी दहापासून फाटकाशी मुलं जमतात. कुणाच्या तळहातावर आईनं ठेवलेलं दही-साखर, कुणाच्या ओठावर सूत्रं. सगळ्यांच्या काखेत ते तपकिरी पॅड, वर पत्र्याची क्लिप असलेलं. अस्वस्थ मुलं ती क्लिप उगाच उघडतात आणि सोडतात. टक्. टक्. तो आवाज आला की मी लिहायचं थांबवते. पेन ठेवून खिडकीशी येते.

आमचं घर एकलहऱ्याच्या कॉलनीतलं. वडील वीज केंद्रात फिटर होते आणि फाटकावरच्या सभांचे कायमचे गिऱ्हाईक. पत्रकं आमच्या घरी लिहिली जात, आमच्याच ओट्यावर वाळत. मी मुळाक्षरं गिरवली ती त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर, त्यामुळे माझ्या 'अ'च्या पाठीमागून नेहमी 'अन्याय' उलटा दिसायचा. आमच्याकडे जेवताना मीठसुद्धा मागणी केल्यासारखं मागत. आई वैतागून म्हणायची, अहो, मीठ समोरच आहे, मोर्चा कशाला. पण मला त्या भाषेचा अभिमान होता. अजूनही आहे. जगात काय चुकलंय हे मोठ्यानं आणि नावानिशी सांगता आलं पाहिजे, हे मी त्या ओट्यावर शिकले. त्यापुढे काय करायचं, ते मात्र त्या ओट्यावर कुणी शिकवलं नव्हतं.

आईचं माहेर सुरगाण्याच्या बाजूला, डोंगरातल्या एका पाड्यावर. हा पाडा पूर्वी खाली होता, ओढ्याकाठी. धरण झालं तेव्हा तो वर टेकडीवर येऊन बसला आणि शाळा, दवाखाना, जीपचा थांबा हे सगळं पाण्याच्या पलीकडे राहिलं. पूल देतो असं सांगून लोकांच्या सह्या-अंगठे घेतले होते. पुलासाठी खुंट्या ठोकून गेले, त्यांना पांढरा रंगही दिला होता. मी पाहिल्या तेव्हा त्यांना शेळ्या बांधलेल्या असायच्या.

पुलाऐवजी होता तो तराफा. चार निळे ड्रम, वर फळ्या, आणि मागच्या टोकाला उभा माझा मामा, काशिराम. मामा बसून वल्हवत नसे. तो उभा राहायचा, पाय फाकवून, हातात स्वतःपेक्षा उंच वल्हं. बसलेल्या माणसाला पाण्याचा वरचा चकाकता पत्राच तेवढा दिसतो, उभ्या माणसाला आतलं दिसतं, असं तो म्हणायचा. आणि आत बरंच काही होतं. धरणात पाणी सोडायच्या आधी झाडं तोडून नेली होती, पण कंबरेइतके बुंधे तसेच ठेवून. पावसाळा-हिवाळ्यात ते खोल असायचे. फाल्गुन लागला, पाणी उतरायला लागलं, की ते वल्ह्याच्या टप्प्यात यायचे. वल्हं बुंध्याच्या एखाद्या बेचक्यात अडकायचं, तराफा पुढे सरकायचा, आणि जिथं दांडा संपून पातं सुरू होतं त्या मानेशी कट्ट करून तडा जायचा.

तुम्ही म्हणाल, मग बुंधे चुकवून जावं. मीही तेच म्हणाले होते. पण पाड्याचा तराफा सरळ जात नसे. तो खाली बुडालेल्या जुन्या गाडीवाटेच्या वरूनच जायचा, जिथं वाट वळायची तिथं वळायचा. कारण सरळ गेलं तर लोकांच्या घरांवरून जावं लागलं असतं. कुणाच्या छपरावर पाय देऊन जायचं नाही, आणि मसणवटीवरून तर नाहीच. भरल्या धरणात घरं आठ-दहा हात पाण्याखाली असायची, छपरं कधीच वाहून गेली होती, तरी नाही. गाडीवाटेच्या दोन्ही अंगांना आंबे होते. म्हणजे त्या अख्ख्या धरणात जिथं बुंधे सर्वांत दाट, नेमक्या तिथूनच आमची माणसं रोज जात होती. प्रत्येक बुंध्याला नाव होतं. तराफा परतला आणि वल्हं मोडलेलं दिसलं की काठावरच्या बाया विचारायच्या, कुणी खाल्लं? मामा सांगायचा, धाकलूच्या आंब्यानं. मग धाकलू कसनुसा व्हायचा. त्याचा तो आंबा तोडून चौदा वर्षं झाली होती.

मोडलेलं वल्हं जायचं भिवबाकडे. भिवबा म्हणजे पाड्यावरचे सुतार, मामापेक्षा वयानं पुष्कळ मोठे, एका डोळ्यानं अधू. त्यांच्या ओसरीचा वास मला आज इथे, डांबरी रस्त्यावरही येतो. धामणाची ओली साल, बिब्ब्याचं तेल, आणि बाहेर पडलेल्या मोहाच्या फुलांचा जड गोडवा. दांड्याला धामणाचं लाकूड, कारण ते वाकतं. पात्याला शिवणीचं, कारण ते हलकं आणि पाणी कमी पितं. तडा गेलेली मान ते दोन्ही बाजूंनी लांब तिरकी तासायचे, एक तिरका काप दुसऱ्यावर असा निजवायचे की मधून केस जाऊ नये. मग भिजवलेली अंबाडीची दोरी दातात एक टोक धरून आवळत न्यायचे. सुकताना दोरी आणखी आवळते. त्यावर तेल, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. दोन दिवस सावलीत, उन्हात नाही. वल्हं सांधण्यापलीकडे गेलं असेल तर ते फेकत नसत. त्याचा दांडा नव्या पात्याला, किंवा पातं नव्या दांड्याला. मामाच्या हातातलं वल्हं नेमकं किती वर्षांचं, हा प्रश्नच तिथे विचारता येत नव्हता.

तराफ्यावर कायम दोन वल्ही असत. एक मामाच्या हातात, दुसरं फळ्यांच्या कडेला दोरीत खोवलेलं. त्याला जोडीचं वल्हं म्हणत. हे दुसरं नसेल तर मामा तराफा सोडत नसे. नियम म्हणून तो कुणी सांगत नसे, पण मोडत कुणी नव्हतं.

मी मोडला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी अकरावीत होते. शिमग्याच्या सुट्टीला पाड्यावर गेले तेव्हा माझ्या पिशवीत दोन जोडी कपडे आणि दोनशे पत्रकं होती. मला येताना पाहून मामा हसला, "आली पुढारीण," आणि माझी पिशवी उचलून बघत म्हणाला की कपड्यांपेक्षा कागदच जड हायेत. पत्रक मीच लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं: 'मोडकं वल्हं सांधणं म्हणजे मोडलेलं वचन माफ करणं. आम्ही आता काही सांधणार नाही.' वडिलांनी ते वाचून माझ्या पाठीवर थाप मारली होती.

त्या वर्षी पाणी लवकर उतरलं होतं. दोन वल्ही भिवबांच्या ओसरीवर मोडून पडलेली, तिसरं सांधून नुकतंच सावलीला लावलेलं, आणि चौथं मामाच्या हातात. मी संध्याकाळी सगळ्यांना अंगणात बसवून बोलले. चांगलं बोलले, हे आज लाज वाटत असतानाही सांगते. सांधत राहिलात म्हणून त्यांना पूल बांधावा लागत नाही, म्हणाले. तुमच्या कामसूपणावर ते झोपलेत. ही मोडकी वल्ही उचला आणि त्यांच्या ऑफिसात नेऊन टाका. लोकांचे डोळे हलत होते. इतकी वर्षं त्यांच्या मनात असलेलं कुणीतरी शहरी आवाजात म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वल्ही गोळा करायला भिवबांकडे गेले. दोन उचलली. तिसऱ्याला हात घातला तेव्हा ते म्हणाले, "ते नको नेऊ, ते झालंय. दोन दिस सुकलं की बास."

"दोन वल्ह्यांचा ढीग दिसत नाही, भिवबा."

त्यांनी चांगल्या डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "ढीग दिसाया पायजे होय," म्हणाले, आणि ते तिसरं वल्हं स्वतःच्या हातानं माझ्या खांद्यावर ठेवलं. ओली अंबाडी माझ्या मानेला लागली. तो गार स्पर्श अजून तिथं आहे.

पाण्यापलीकडच्या धरणाच्या ऑफिसात, व्हरांड्यात आम्ही तिन्ही वल्ही टाकली. आवाज मोठा झाला. कारकून बाहेर आला, घाबरला, मग कारकुनालाच सुचेल असं त्याला सुचलं. त्यानं पावती लिहिली. 'तीन नग लाकडी वल्ही, मोडकी, जमा.' वाचून सही करा, म्हणाला. मी सही केली. तिसरं मोडकं नाही हे मला माहीत होतं. माझ्या आयुष्यातलं पहिलं सरकारी कागदावरचं खोटं मी न्यायाच्या बाजूनं लिहिलं.

मामाची मुलगी जनी त्या वर्षी दहावीला होती. आमच्या त्या खटाटोपात तिनं भाग घेतला नव्हता. ती ओसरीच्या कोपऱ्यात गणितं सोडवत बसायची, कागद वाचवायला पाटीवर, आणि उत्तर जुळलं की पाटी पुसण्याआधी क्षणभर तिच्याकडे बघायची. पाड्यावरून तोवर एकही मुलगी दहावी झाली नव्हती. तिला पुढे नर्सिंगला जायचं होतं. मी तिला पत्रक दिलं तेव्हा तिनं ते वाचून पाठकोरी बाजू बघितली आणि विचारलं, "ताई, असली अजून हायेत का? कच्चं काम करायला बरी हायेत." मला राग आला होता.

बीजगणिताच्या दिवशी आम्ही सकाळी आठला निघालो. तराफ्यावर मामा, जनी आणि मी. नऊची जीप गाठायची, साडेदहाला केंद्रावर. जोडीचं वल्हं नव्हतं. मामा काठावर थांबला, रिकाम्या दोरीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहायचं टाळून तराफा लोटला. त्या दिवशी मीच त्याला म्हणाले की मामा, आज सरळ चला, घरांवरून, तिकडे बुंधे नाहीत. तो म्हणाला, "परीक्षेच्या दिशी कुणाच्या घरावरून जाऊ? पोरीला आशीर्वाद कोण देईल मग?" आणि गाडीवाटेला लागला.

पाणी काचेसारखं होतं. वाट संपत आली होती. मामानं वल्हं घातलं, ओढलं, आणि तो आवाज आला. कट्ट. पातं पाण्यावर आलं, पानासारखं गोल फिरलं आणि लांब गेलं. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. मामा फक्त एवढंच बोलला की हा आपलाच आंबा. खरंच तो त्यांच्याच जुन्या अंगणातला होता.

मग मामानं उरलेल्या दांड्यानं तळाला रेटा द्यायचा प्रयत्न केला, तळ लागेना. मी चपला काढून चपलेनं पाणी मारायला लागले. जनीनं एक क्षण विचार केला, पॅडवरचं हॉलतिकीट काढून दातात धरलं, गुडघे टेकले, आणि पॅडनं वल्हवायला लागली. लांब, एकसारखे हात मारत, बापासारखे. क्लिप प्रत्येक वेळी पाण्यावर आपटायची. टक्. टक्. काठ समोर दिसत होता आणि येत नव्हता. वर रस्त्यावर काळीपिवळी जीप उभी होती. आम्ही ओरडलो. तिचं पाठचं दार लागलं आणि ती गेली.

काठाला लागल्यावर दुसरी जीप भरेपर्यंत आम्ही थांबलो नाही, पळालो, मग एका ट्रॅक्टरवर बसलो. केंद्रावर पोचलो तेव्हा अर्ध्या तासाची सवलत संपून दहा मिनिटं झाली होती. फाटकावरचे सर वाईट नव्हते. त्यांनी घड्याळ दाखवलं, दोनदा आत जाऊन आले, परत घड्याळ दाखवलं. मी बोलायला लागले. धरण, पूल, वचन, सगळं. ते मान हलवत ऐकत होते. माझं एकही वाक्य चुकीचं नव्हतं आणि एकानंही फाटक उघडलं नाही.

जनी चिंचेखाली बसली होती. पॅड भिजून फुगलं होतं, पापुद्रे सुटले होते, ते ती बोटानं दाबून बसवत होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "ताई, मला येत व्हतं गणित." बस, एवढंच. त्या वाक्यात माझ्याविरुद्ध काहीही नव्हतं, म्हणूनच मला ते आजवर परतवता आलेलं नाही.

मामानं उरलेल्या दांड्याला तराफ्याची फळी बांधून आम्हाला कसंबसं परत आणलं. पाड्यावर कुणी मला दोष दिला नाही. भिवबांनी फक्त विचारलं, ती वल्ही परत आणता येतील का, त्यातलं एक चांगलं हाय. भूमितीचा पेपर दोन दिवसांवर होता. त्या फळीनंच पाणी ओलांडून मी पुन्हा त्याच ऑफिसात गेले. कारकून म्हणाला, जमा झालेला माल अर्जाशिवाय देता येत नाही. मी व्हरांड्यात खाली बसून अर्ज लिहिला. 'विनंती की' असं लिहिताना पेन अडखळलं. तोवरच्या आयुष्यात मी ते दोन शब्द लिहिलेच नव्हते. पुढे लिहिलं की तीनपैकी एक वल्हं मोडकं नव्हतं, मी खोटी सही केली होती. कारकुनानं वाचलं, डोकं खाजवलं. म्हणाला, बाई, हे असं लिहिलंत तर पावतीच रद्द करावी लागेल, साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या. शेवटी तिथला म्हातारा शिपाई उठला, आत गेला, ते सांधलेलं वल्हं घेऊन आला आणि माझ्या हातात देत हळूच म्हणाला की नोंद राहू दे, वल्हं घेऊन जा. त्या ऑफिसच्या दप्तरी आजही तीन वल्ही जमा असतील.

भूमितीला जनी वेळेत पोचली. बीजगणितात मार्कलिस्टवर अनुपस्थितीची खूण आली. ऑक्टोबरला तिनं तो पेपर दिला आणि काढला, पण तोवर त्या वर्षीचे नर्सिंगचे प्रवेश संपले होते, आणि पुढच्या वर्षी मामाचा खांदा दुखावला. तराफा कुणीतरी चालवायला हवा होता.

आता दहा-एक वर्षं झाली. जनी पाड्यावर अंगणवाडी चालवते आणि सकाळ-संध्याकाळ तराफा. उभी राहते, बापासारखी. गेल्या फाल्गुनात मी गेले तेव्हा भिवबांच्या ओसरीवर तीच तिरके काप तासत बसली होती. भिवबा बाजूला पडून, दोन्ही डोळ्यांनी अधू झालेले, नुसतं बोट फिरवून सांगत होते, इथं उंच हाय, इथं घे. तराफ्यावर बसलो तर ती गाडीवाटेला लागलीच नाही. सरळ घरांकडे निघाली. मी दचकले. तिनं वल्हं उलटं केलं, मूठ पाण्याला टेकवली, कपाळाला लावली आणि वल्हवायला लागली. मी विचारलं, पाड्यानं ऐकलं कसं. म्हणाली, "विचारलंच नाय कुणाला. रोज माफी मागते. तेबी घरचेच हायेत, देतात."

मग तिनं मला टोमणा मारला. "तू अजून पत्रकं लिहितेस ना?" लिहिते, म्हटलं. "लिही, लिही. पूल पायजेलच हाय. फक्त आमची वल्ही नको नेऊ."

मी परतताना तिनं मला ते पॅड दाखवलं. टाकलेलं नाही. सुकून वाकडं झालंय, क्लिप गंजलीये, अंगणवाडीच्या हजेरीला वापरते. मी क्लिप उघडून सोडली. गंजानं तिचा आवाज गेला होता. तरी मी ऐकला.

मी काही शांत झालेली नाही. पूल झाला नाही, आणि त्याबद्दल मला रोज राग येतो, यायलाच हवा. जनी नर्सिंगच्या ज्या वर्गात कधी बसलीच नाही, तो हिशेब मी त्या ऑफिसाला माफ केलेला नाही आणि स्वतःलाही नाही. समोर शाळेच्या फाटकाशी आज पुन्हा मुलं जमली आहेत. घंटा होईल, ती आत जातील, फाटक लागेल. ते लागल्यावर रस्त्याच्या टोकाला कुणी धावत येताना दिसतंय का, हे मी दर वर्षी पाहते.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. यंदा कुठल्याही पाण्यावर, कुठल्याही नावेत किंवा तराफ्यावर पाय ठेवाल, तेव्हा आधी वल्हं हातात मागून घ्या. जिथं दांडा संपून पातं सुरू होतं, तिथं अंगठा दाबून फिरवा. नखाला तडा लागला तर थांबा. मग जोडीचं वल्हं कुठंय ते विचारा. ते नसेल तर नाव सोडू देऊ नका, आणि घरीही परत जाऊ नका. मोडलेलं मागून घ्या, सांधता येणाऱ्या माणसाशेजारी बसा, दोरीचं दुसरं टोक धरा. दोरी सुकेपर्यंत दोन दिवस लागतात. तेवढ्यात मला कळवा. पत्रक मी लिहून देईन.

आणि ऑफिसात न्यायचं ते फक्त पत्रक. वल्हं पाण्यावर राहू द्या.